केवड्याचा रूह
गौरी-गणपतीत आपण बाजारातून आणतो ते केवड्याचे ‘कणीस’ म्हणजे नर झुडपाचा फुलोरा. मादी झुडूप वेगळे. तिला अननसासारखे फळ धरते, पण अत्तराच्या धंद्यात तिला किंमत नाही. देशातले बहुतेक केवडा तेल ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातून, छत्रपूरसारख्या किनारी भागांतून येते. पावसाळ्यात पहाटेच कणसे तोडून भट्टीवर पोचवावी लागतात, कारण गंध काही तासांत उडतो. घासाघीस करायला तोडणाऱ्याजवळ वेळच नसतो; या व्यवसायाचे सारे अर्थकारण मला त्या घाईत दिसते.

तांब्याच्या देगेत कणसे आणि पाणी घालून झाकण मातीने लिंपतात. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते. भपक्यात चंदनतेल असेल तर अत्तर होते, नसेल तर केवडाजल. त्यातून वेगळे काढलेले निव्वळ तेल म्हणजे ‘रूह’. त्याचा सुमारे दोन-तृतीयांश किंवा अधिक भाग फिनाइल इथाइल मिथाइल इथर या एकाच द्रव्याचा असतो. नेमके हेच द्रव्य कारखान्यात स्वस्तात बनते, म्हणून बिर्याणीवरच्या केवडापाण्याने कणीस पाहिलेले असेलच असे नाही. गंजामच्या फुलाला आणि रूहला भौगोलिक मानांकन आहे. बाटलीवरचे बारीक अक्षर मी मुद्दाम वाचतो (दुकानदार वैतागतात).

२०१३च्या ऑक्टोबरात फायलिन वादळ याच किनाऱ्यावर, गोपाळपूरजवळ आदळले. नवी लागवड फुटव्यांपासून करतात. बियांच्या रोपातले नर कुठले, हे फुलोरा येईपर्यंत कळत नाही.