कॉलेजचा प्रश्न नेमका कोणाच्या दारात न्यायचा? नांदगाव तालुक्यातल्या पालकांनी समजून घ्यावी अशी सरकारी वाट

नांदगाव : बारावीचा निकाल लागला की तालुक्यात दरवर्षी त्याच तक्रारी कानावर येतात. अमुक विषयाला कायम सर नाहीत, पुढच्या शिक्षणाला नाशिक गाठावं लागतं, सकाळची गाडी वेळेवर येत नाही. मग चार पोरं जमून निवेदन लिहितात, तहसील कार्यालयात देतात, फोटो व्हॉट्सअॅपवर फिरतो. पुढच्या जूनपर्यंत विषय थंड होतो. निवेदनातली मागणी रास्त असते, पण कागद ज्या टेबलावर जायला पाहिजे तिथं जात नाही. तहसीलदारांना प्राध्यापक नेमता येत नाही अन् नवीन तुकडीही देता येत नाही. तहसीलमार्फत वर गेलेला कागद कुठल्या खात्यात थांबला हेही नंतर कुणी विचारत नाही.

उच्च शिक्षणाचा कारभार तीन-चार ठिकाणी वाटलेला आहे. कोणता प्रश्न कोणाच्या हातात आहे अन् तो कधी मांडायचा, एवढं कळलं तरी अर्धं काम होतं.

कॉलेज सरकारी की संस्थेचं?

कला, वाणिज्य, विज्ञान शिकवणारी पूर्ण सरकारी महाविद्यालयं महाराष्ट्रात मोजकीच आहेत. मुंबईचं एल्फिन्स्टन, कोल्हापूरचं राजाराम ही त्यातली जुनी नावं. बाकी ग्रामीण महाराष्ट्र शिकला तो संस्थांच्या महाविद्यालयांत. आपल्याकडेही नांदगावला मराठा विद्या प्रसारक समाजाचं अन् मनमाडला महात्मा गांधी विद्यामंदिरचं महाविद्यालय आहे. संस्था चालवते, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ अभ्यासक्रम आणि परीक्षा बघतं, अन् जो भाग अनुदानित आहे तिथल्या मंजूर पदांचा पगार राज्य सरकार देतं. राज्यात अशी अनुदानित महाविद्यालयं हजाराहून जास्त आहेत.

एकाच महाविद्यालयात अनुदानित आणि विनाअनुदानित असे दोन्ही वर्ग चालू शकतात. जुन्या तुकडीच्या सरांचा पगार सरकारकडून येतो, शेजारच्या खोलीतल्या नव्या कोर्सच्या सरांचा पगार पोरांच्या फीमधून निघतो. २००१ नंतर राज्यानं नव्या महाविद्यालयांना कायम विनाअनुदान तत्त्वावर परवानगी द्यायचं धोरण घेतलं. त्यामुळं तक्रार करायच्या आधी ऑफिसात एक प्रश्न विचारा : हा वर्ग अनुदानित आहे का? त्या उत्तरावर पुढचं दार ठरतं.

सर नाहीत, म्हणजे अडलंय कुठं?

अनुदानित पद रिकामं झालं म्हणून संस्था लगेच जाहिरात काढू शकत नाही. आधी वित्त विभागाची भरतीला मंजुरी लागते. मग त्या महाविद्यालयाचा कार्यभार, म्हणजे किती विद्यार्थ्यांमागे किती तास, तपासला जातो. आरक्षणाची बिंदुनामावली तपासून घ्यावी लागते. त्यानंतर उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाचं ना-हरकत पत्र, मग जाहिरात, मुलाखत, विद्यापीठाची मान्यता अन् शेवटी पगार.

यात किती काळ जातो त्याचं उदाहरण राज्यानं बघितलेलं आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये सरकारनं सहायक प्राध्यापकांच्या ३५८० जागा भरायला मंजुरी दिली. त्यातल्या १४९२ भरल्या गेल्या, बाकी अडकल्या. उरलेल्या २०८८ जागांना नोव्हेंबर २०२१ मध्ये नव्यानं परवानगी द्यावी लागली. म्हणजे २०१८ ला अकरावीत गेलेलं पोरगं पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आलं, तेव्हा त्याच जागांना दुसऱ्यांदा मंजुरी मिळत होती. मधल्या काळात शिकवणी तासिका तत्त्वावरच्या सरांवर चालते. त्यांना तासाप्रमाणे पैसे मिळतात, सुट्टीत काहीच नाही. चांगला शिकवणारा माणूस त्यामुळं टिकत नाही.

यातून दुसरं नुकसान होतं. सर नाहीत म्हणून पोरं बाहेर प्रवेश घेतात. पटसंख्या घटली की कार्यभार घटतो, अन् कार्यभार घटला की कागदावरचं पदच धोक्यात येतं. तालुक्यातलं एखादं पद असं एकदा गेलं तर परत आणणं फार अवघड असतं.

म्हणून नुसतं "सर द्या" असं लिहून चालत नाही. मंजूर पदं किती, भरलेली किती, बिंदुनामावली कधी तपासली, ना-हरकतीचा प्रस्ताव कोणत्या तारखेला गेला, या चार गोष्टी निवेदनात पाहिजेत. त्या तोंडी मिळाल्या नाहीत तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. दहा रुपयांचा अर्ज, अन् साधारण ३० दिवसांत उत्तर द्यायचं बंधन. प्रस्ताव संस्थेतच पडून असेल तर बोलायचं संस्थेशी. सहसंचालकांकडे असेल तर त्यांच्याशी. वित्त विभागात अडला असेल तर आमदारांमार्फत मंत्रालयात.

नवीन शाखा, नवीन कोर्स पाहिजे तर

इथला रस्ता वेगळा आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम २०१६ च्या कलम १०७ प्रमाणे प्रत्येक विद्यापीठाला पाच वर्षांचा बृहत आराखडा करावा लागतो. कोणत्या भागात कशाची गरज आहे, कुठं नवीन महाविद्यालय पाहिजे, हे त्यात लिहिलेलं असतं. आराखड्यात आपल्या गावाची जागा नसेल तर कितीही मोठी संस्था असो, तिला तिथं नव्या महाविद्यालयाची परवानगी मागता येत नाही. सध्याचा आराखडा २०२४ ते २०२९ या काळाचा आहे, त्यामुळं पुढच्याची तयारी त्याच्या आधीच सुरू होईल. विद्यापीठ हरकती, सूचना मागवतं तेव्हा बोलठाण, जातेगाव, न्यायडोंगरी, वेहेळगाव भागातून किती मुली बारावीनंतर घरी बसल्या, याचे आकडे ग्रामपंचायतींनी अन् शाळांनी दिले पाहिजेत. वर्तमानपत्रातली बातमी आराखड्यात जोडली जात नाही, आकड्यांचा तक्ता जोडला जातो.

आराखड्यानंतर कलम १०९ प्रमाणे संस्थेनं विद्यापीठाकडे अर्ज करायचा, विद्यापीठानं छाननी करून शिफारस करायची अन् शेवटचा शब्द राज्य सरकारचा. नवीन कोर्स, नवीन विषय, जादा तुकडी, सगळ्याला हीच पायरी. या अर्जांच्या तारखा कायद्यानं बांधलेल्या असतात. निकाल लागल्यावर जूनमध्ये केलेल्या मागणीचा त्याच वर्षी उपयोग होत नाही.

आणखी एक गोष्ट. नवीन कोर्स मिळाला तरी तो बहुधा विनाअनुदानित मिळतो. "शाखा मिळाली" म्हणून गुलाल उधळायच्या आधी फी किती राहील हे विचारून घ्यावं. कांद्याला भाव नसलेल्या वर्षी बापानं ती कुठून भरायची, हा साधा हिशेब आहे.

तीन विद्यापीठांच्या कडेला बसलेला तालुका

नांदगाव तालुक्याची अडचण थोडी वेगळी आहे. पलीकडं चाळीसगाव, तिथली महाविद्यालयं जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची. घाट उतरून किंवा चढून कन्नड, वैजापूरकडं गेलं की छत्रपती संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. अन् आपण पुण्याचे, दोनशे किलोमीटरहून लांब. न्यायडोंगरीच्या पोराला रेल्वेनं चाळीसगाव सोपं पडतं, पण मध्येच विद्यापीठ बदललं तर स्थलांतर प्रमाणपत्र अन् पात्रतेचे कागद मागं लागतात.

ही हद्द लोकांच्या मागणीनं बदलते, हे याआधी घडलेलं आहे. पुणे विद्यापीठ १९४९ चं. त्यातून धुळे, जळगाव भाग वेगळा होऊन १९९० मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं. २००४ मध्ये एकट्या सोलापूर जिल्ह्यासाठी विद्यापीठ झालं. २०११ मध्ये गडचिरोली, चंद्रपूरसाठी गोंडवाना विद्यापीठ झालं. नाशिकला १९८९ चं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, १९९८ चं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, पण साध्या पदवीचं नातं आजही पुण्याशीच. दिंडोरी तालुक्यात शिवनई इथं पुणे विद्यापीठाचं नाशिक उपकेंद्र आहे. वेगळं विद्यापीठ होवो न होवो, कागदपत्रांची किती कामं या उपकेंद्रात पूर्ण होतात अन् कशासाठी अजून पुणंच गाठावं लागतं, एवढा प्रश्न जरी लावून धरला तरी तालुक्यातल्या पोरांचा दिवस अन् भाडं वाचेल.

आपलं मत कुठं कुठं चालतं?

अमेरिकेत राज्यांची विद्यापीठं विधिमंडळाशी बोलायला पगारी माणसं ठेवतात. आपल्याकडं ते काम निवडून दिलेल्या माणसांनी करायचं असतं, अन् त्यांना निवडून द्यायचा हक्क पदवीधरांकडे दोन ठिकाणी आहे.

पहिलं ठिकाण विद्यापीठाची अधिसभा, म्हणजे सिनेट. तिथं नोंदणीकृत पदवीधर दहा सदस्य निवडून देतात. प्राचार्य, प्राध्यापक अन् संस्थाचालकांचेही प्रतिनिधी असतात. विद्यापीठाचं अंदाजपत्रक अन् बृहत आराखडा अधिसभेपुढं येतो. पुणे विद्यापीठाच्या पदवीधर गटाची मागची निवडणूक नोव्हेंबर २०२२ मध्ये झाली. मुदत पाच वर्षांची, म्हणजे पुढची २०२७ च्या आसपास. त्यासाठी विद्यापीठाकडे वेगळी नोंदणी करावी लागते.

दुसरं ठिकाण विधान परिषद. नाशिक, अहिल्यानगर, जळगाव, धुळे, नंदुरबार या पाच जिल्ह्यांचा मिळून एक पदवीधर अन् एक शिक्षक आमदार असतो. पदवीधर मतदारसंघातून २०२३ मध्ये सत्यजीत तांबे आणि शिक्षक मतदारसंघातून २०२४ मध्ये किशोर दराडे निवडून आले.

आता आकडे बघा. २०११ च्या जनगणनेत या पाच जिल्ह्यांची लोकसंख्या १ कोटी ८५ लाखांच्या वर होती. २०२३ च्या पदवीधर निवडणुकीची मतदार यादी मात्र सुमारे २ लाख ६२ हजारांची, अन् त्यातल्याही निम्म्या लोकांनी मतदान केलं नाही. एकट्या नांदगाव विधानसभेच्या यादीत तीन लाखांहून जास्त नावं असतात. म्हणजे पाच जिल्ह्यांच्या पदवीधरांची यादी आपल्या एका विधानसभेपेक्षा लहान आहे. जिथं यादी एवढी लहान, तिथं एका तालुक्यानं पाच हजार नावं नोंदवली तर त्या तालुक्याचा फोन उचलावाच लागतो.

विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणून पदवीधर यादीत ते आपोआप येत नाही. प्रत्येक निवडणुकीला यादी नव्यानं होते. पदवीधरांसाठी नमुना १८, शिक्षकांसाठी नमुना १९. निवडणुकीआधीच्या १ नोव्हेंबरला पदवी मिळून किमान तीन वर्षं झालेली पाहिजेत. पदवीची किंवा गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत लागते. नेहमीच्या वेळापत्रकानं पुढची पदवीधर निवडणूक २०२९ च्या सुरुवातीला येते, म्हणजे नोंदणी २०२८ च्या दिवाळीच्या आगेमागे. या एका कामासाठी मात्र तहसील कार्यालयच गाठायचं.

विधिमंडळात प्रश्न कसा जातो?

आमदारांना पत्र दिलं की त्यांचं शिफारसपत्र मिळतं. त्यापेक्षा तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना जास्त कामाची, कारण तिथं खात्याला लेखी उत्तर तयार करावं लागतं अन् ते नोंदीत राहतं. त्यासाठी अधिवेशनाच्या बऱ्याच आधी नेमकी माहिती हातात द्यावी लागते. पैशाची मागणी असेल तर मार्चचं अंदाजपत्रक सादर व्हायच्या कितीतरी आधी, हिवाळ्यातच खात्यांचे अंदाज तयार होत असतात.

सगळ्यात जवळचं दार

२०१६ च्या कायद्याच्या कलम ९७ प्रमाणे प्रत्येक महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते. तिच्यात चार स्थानिक सदस्य असतात, त्यातला किमान एक माजी विद्यार्थी. नवीन कोर्स, रिकाम्या जागा, अंदाजपत्रक हे तिचेच विषय. आपल्या कॉलेजच्या समितीवर आपल्या भागातलं कोण आहे, हे बहुतेक पालकांना माहीत नसतं. ते आधी विचारून घ्या.

अन् गाडीचा प्रश्न? तो ना विद्यापीठाचा ना मंत्रालयाचा. तो नांदगाव किंवा मनमाड आगाराच्या आगारप्रमुखांचा, अन् तिथं न सुटल्यास नाशिकच्या विभाग नियंत्रकांचा. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास मोफत असतो. पदवीला गेल्यावर सवलत मिळते, पण पैसे मोजावे लागतात. अकरा वाजताच्या तासाला साडेअकराला पोचणारी गाडी असेल तर कित्येक घरांत आधी मुलीचंच कॉलेज बंद होतं. वेळ बदलून मागताना प्राचार्यांचं वेळापत्रकाचं पत्र अन् पासधारकांची गाववार यादी जोडा. आगाराला ती यादी बघूनच फेरी ठरवता येते.

यंदाच्या प्रवेशाची गडबड संपली की ग्रामसभेत हा विषय घ्यायला हरकत नाही. आपल्या गावातून बारावी झालेली किती, पुढं गेलेली किती, घरी बसलेली किती, अन् पदवीधर किती, अशी चार रकान्यांची यादी एका रविवारी होते. पहिले तीन रकाने आराखड्याच्या, पदांच्या अन् बसच्या मागणीला लागतील. चौथा रकाना २०२७ अन् २०२८ च्या नोंदणीला.