तात्पुरती नोकरी आणि सेवाज्येष्ठतेचा हिशेब

सरकारी कचेरीत नोकरीला लागलेल्या माणसाला एक गोष्ट लवकरच उमगते. पगार कितीही असो, त्याची खरी जागा ठरते ती ज्येष्ठता यादीतील क्रमांकावरून. बढती निघाली की यादीच्या वरच्या टोकापासून विचार होतो आणि नोकरकपात आली की कुऱ्हाड खालच्या टोकावर पडते. एरवी एकमेकांच्या डब्यातले खाणारे दोन सहकारी यादी प्रसिद्ध झाली की महिनोन् महिने अबोला धरतात, ते काही उगाच नव्हे. एका क्रमांकाच्या फरकाने एकजण अधिकारी होऊन निवृत्त होतो आणि दुसरा आयुष्यभर त्याच खुर्चीवर राहतो.

राज्यघटनेचे सोळावे कलम शिकवताना ‘सरकारी नोकरीत सर्वांना समान संधी’ एवढे सांगून मी पुढे जाऊ लागलो, की एखादा विद्यार्थी हटकून विचारतो, ‘‘सर, माझा भाऊ सात वर्षे टेंपररी आहे. काल परीक्षा देऊन आलेला माणूस त्याच्या वर कसा?’’ प्रश्न रास्त आहे. पण त्या ‘काल आलेल्या’ माणसाचाही एक प्रश्न असतो. तो म्हणतो, ‘‘मी जाहिरात वाचून अर्ज केला, हजारोंबरोबर परीक्षा दिली, निवड झाली तेव्हाच आलो. मागच्या दाराने आधी आत बसलेल्याने माझ्या पुढे का जावे?’’ दोघांचेही म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय या वादाचा उलगडा होत नाही.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करू. ‘कायम होणे’, ‘नियमित होणे’ आणि ‘ज्येष्ठता मिळणे’ या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. बोलण्यात आपण त्या एकच समजतो. कायम होणे म्हणजे परिवीक्षेचा काळ संपून पदावर पक्का हक्क मिळणे. नियमित होणे म्हणजे जी नेमणूक नियमांप्रमाणे झाली नव्हती ती नियमांच्या चौकटीत बसवून घेणे. ज्येष्ठता म्हणजे त्या संवर्गात आपले वर्ष कोणत्या तारखेपासून मोजायचे याचा हिशेब. सारे वाद या तारखेपाशी येऊन अडतात.

आपल्या भागाला हा प्रश्न नवा नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव, धारवाड, विजापूर व कारवार हे जिल्हे मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात आले. त्यांच्याबरोबर मुंबई सरकारचे नोकरही आले. नव्या राज्यात जुन्या म्हैसूरचे, हैदराबादचे, मद्रासचे आणि कोडगूचे नोकर असे पाच ठिकाणचे लोक एका यादीत बसवायचे होते. पुनर्रचना कायद्याच्या ११५ व्या कलमाने हे काम केंद्र सरकारच्या देखरेखीखाली सोपवले. त्यासाठी जे तत्त्व ठरले ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्या दर्जाच्या पदावरील सलग सेवा, मग ती तात्पुरती असो वा कायम, ज्येष्ठतेसाठी धरायची. मात्र निव्वळ वेळ भागवण्यासाठी किंवा योगायोगाने मिळालेल्या नेमणुकीचा काळ वगळायचा. बाकी सारे समान असेल तर वयाने मोठा तो वर. म्हणजे ‘तात्पुरती’ हा शिक्का बसला म्हणून सेवा वाया जात नाही, आणि खुर्चीवर नुसते बसल्याने ज्येष्ठताही मिळत नाही, हे तेव्हाच मान्य झाले होते. पुढे न्यायालये फिरून याच ठिकाणी आली.

त्यातला सर्वांत गाजलेला वाद शेजारच्या महाराष्ट्रातील अभियंत्यांचा. मुंबई सरकारच्या अभियांत्रिकी सेवेत दुय्यम वर्गाची पदे दोन वाटांनी भरली जात. काहीजण लोकसेवा आयोगामार्फत थेट येत, काहीजण खालून बढतीने येत. काम एकच, संवर्ग एकच. पण १९६० च्या नियमांनी ज्येष्ठता कायम होण्याच्या तारखेला बांधली होती. थेट आलेला परिवीक्षा संपताच कायम होई. बढतीने आलेला मात्र कायम जागा मोकळी होऊन सरकारची मर्जी होईपर्यंत वर्षानुवर्षे स्थानापन्न म्हणूनच राही. परिणाम असा, की ज्याच्या हाताखाली नवा अभियंता काम शिकला, तोच यादीत त्याच्या खाली गेला.

१९७७ साली पटवर्धन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा नियम रद्द केला. न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांच्या निकालपत्राचा गाभा असा, की कायम होणे हे माणसाच्या कर्तबगारीवर अवलंबून नसते आणि रिकाम्या जागांवरही नसते. जागा असूनही लोक कायम होत नाहीत. अशा बेभरवशाच्या गोष्टीवर ज्येष्ठता टांगून ठेवणे म्हणजे घटनेच्या १४ व्या आणि १६ व्या कलमांतील समानतेला हरताळ फासणे होय.

वाद तेवढ्याने मिटला नाही. थेट भरतीच्या अभियंत्यांची संघटना पुन्हा न्यायालयात गेली आणि २ मे १९९० रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. त्यात अकरा निष्कर्ष आहेत. पैकी पहिले दोन प्रत्येक नोकरदाराने माहीत करून घ्यावेत. पहिला असा : नेमणूक नियमांप्रमाणे झाली असेल तर ज्येष्ठता नेमणुकीच्या तारखेपासून मोजायची, कायम झाल्याच्या तारखेपासून नाही, परंतु नेमणूक नियम सोडून केवळ वेळ भागवण्यासाठी झाली असेल तर तो काळ धरायचा नाही. दुसरा असा : सुरुवातीला नियमांतील पद्धत पाळली गेली नसली, पण माणूस पदावर अखंड राहिला आणि पुढे नियमांनुसार नियमित झाला, तर त्याचा आधीचा काळ धरायचा.

चौकस वाचकाच्या मनात इथे शंका येईल. पहिल्या निष्कर्षाने जे काढून घेतले तेच दुसऱ्याने परत दिले की काय? हीच शंका वकिलांनीही घेतली. १९९३ साली पश्चिम बंगालच्या अभियंत्यांच्या खटल्यात न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या पीठाने तिचा खुलासा केला. दुसरा निष्कर्ष फक्त अशा माणसासाठी आहे, ज्याची नेमणूक खऱ्या रिकाम्या जागेवर, मुदत न घालता झाली होती आणि जिच्यात पद्धतीची काही उणीव राहून गेली होती. ठराविक मुदतीपुरत्या किंवा कामचलाऊ नेमणुकीला तो लागू नाही. केंद्र सरकारनेही ४ नोव्हेंबर १९९२ च्या आदेशाने ज्येष्ठता आणि कायम होणे यांची जुनी गाठ सोडवली.

मग दहा-पंधरा वर्षे रोजंदारीवर राबणाऱ्यांचे काय? याचे उत्तर आपल्या कर्नाटकातूनच गेलेल्या खटल्यात मिळाले. वाणिज्य कर खात्यात १९८५-८६ पासून रोजंदारीवर असलेल्या लोकांनी नियमित करण्याची मागणी केली होती. १० एप्रिल २००६ रोजी उमादेवी खटल्यात घटनापीठाने सांगितले, की जाहिरात नाही, स्पर्धा नाही, अशा नेमणुकीला केवळ वर्षे उलटली म्हणून हक्क चिकटत नाही. तसे केल्यास दाराबाहेर उभ्या असलेल्या लाखो बेकारांची समान संधी हिरावली जाते. मात्र पात्रता असलेले, मंजूर रिकाम्या पदावर असलेले आणि न्यायालयाच्या आदेशाच्या आधाराशिवाय दहा वर्षे वा अधिक काम केलेले लोक एकवार नियमित करण्यासाठी सरकारांनी पावले उचलावीत, अशी सवलत दिली. पुढे अनेक खात्यांनी निकालाचा पहिला भाग तेवढा लक्षात ठेवला. म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला बजावावे लागले, की वर्षानुवर्षे कायम स्वरूपाचे काम करून घेतलेल्या माणसांना घालवण्यासाठी उमादेवी निकालाची ढाल करता येणार नाही. तरीही एक लक्षात असू द्यावे : नियमित झाले म्हणजे मागची सगळी वर्षे ज्येष्ठतेत आपोआप जमा होतात असे नाही.

या साऱ्या निकालांतून मला एकच सूत्र दिसते. कायदा ‘तू आधी आलास का?’ एवढेच विचारत नाही. ‘तू कोणत्या दाराने आलास?’ हेही विचारतो. दार नियमाचे असेल तर सरकारच्या दिरंगाईचा भुर्दंड नोकरावर पडू नये, आणि दार मागचे असेल तर त्याचा फायदा रांगेत उभ्या राहिलेल्याच्या मुळावर येऊ नये. हे दोन्ही तोलून पाहिले तर निकाल वाटतात तितके परस्परविरोधी नाहीत. दोष द्यायचाच तर तो त्या पद्धतीला द्यावा, जी भरती वेळेवर करीत नाही, तात्पुरत्या माणसांवर काम भागवते आणि मग त्याच माणसांना एकमेकांविरुद्ध न्यायालयात उभे करते.

आपल्यापैकी अनेकजण पदवी हातात पडताच अतिथी व्याख्याते, कंत्राटी कारकून किंवा प्रकल्पावरील सहायक म्हणून कामाला लागतील. घरची गरज असते. मिळेल ती नोकरी धरू नका असे मी म्हणणार नाही. पण नेमणुकीची ऑर्डर हाती आली की पेढे वाटण्याआधी ती नीट वाचा. नेमणूक कोणत्या नियमाखाली आणि कोणत्या अधिकाऱ्याने केली? जागा खरी रिकामी आहे, की कोणाच्या रजेपुरती किंवा आयोगाचा उमेदवार येईपर्यंत आहे? मुदत घातली आहे काय? ‘ज्येष्ठतेचा हक्क सांगता येणार नाही’ असे वाक्य आहे काय? मध्येच एक-दोन दिवसांचा खंड दाखवला जातो काय? ही उत्तरे आज कागदावर स्पष्ट असली तर वीस वर्षांनंतर वकिलापुढे ती शोधत बसावे लागत नाही.

आणि तात्पुरती ज्येष्ठता यादी हरकतींसाठी निघाली की ठरलेल्या मुदतीत लेखी हरकत घ्या, तिची पोच जपून ठेवा. ‘साहेबांना वाईट वाटेल’ म्हणून गप्प बसलेल्याला पुढे कोणी विचारत नाही. १९७४ साली तामिळनाडूतील एका अभियंत्याचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. कनिष्ठाला बढती मिळाल्यानंतर तो तब्बल चौदा वर्षांनी न्यायालयात गेला होता. न्यायालयाने त्याला सांगितले, की अशी तक्रार सहा महिन्यांत, फार तर वर्षभरात यायला हवी. इतक्या वर्षांनी बसलेली घडी मोडायची तर त्या यादीच्या भरवशावर आयुष्य बेतलेल्या इतरांवर अन्याय होतो. सेवाज्येष्ठतेच्या वादात हक्क जितका महत्त्वाचा, तितकीच तो वेळेवर सांगण्याची तयारीही महत्त्वाची आहे.