वावरातली जागल आणि नकाशावरचा ठिपका

वर्धा जिल्ह्यात जागल म्हटली की आधी रानडुक्कर आणि रोही आठवतात. सोयाबीन शेंगांवर आलं, तूर भरली, चणा घाट्यांवर आला की बोरच्या जंगलाकडेच्या गावांत माणसं मचाणावर रात्री काढतात. पीक घरी आलं की मचाण ओस पडतं. नेमके तेच महिने यंत्रांसाठी वाईट. फाल्गुनापासून मिरगापर्यंत ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, पेरणीयंत्र, ट्रॉली हे सगळं वावरातल्या गोठ्यात उभं असतं आणि रात्री तिथं चिटपाखरू नसतं.

दोन उन्हाळ्यांपूर्वी आमच्या गोठ्यातून ट्रॅक्टरची बॅटरी गेली. ट्रॅक्टर कुठे आहे ते मोबाईलवर दाखवणारा ट्रॅकर बसवलेला होता. पण फिटरने तो बॅटरीच्या पेटीलाच काळी चिकटपट्टी गुंडाळून बांधला होता, त्यामुळे बॅटरीसोबत तोही गेला. त्याच्या पोटात स्वतःची बॅटरी नव्हती. सकाळी मोबाईल उघडला तर नकाशावरचा ठिपका आमच्याच वावरात, शेवटची वेळ रात्री पावणेदोनची. पैसे गेले त्याहून त्या ठिपक्याचं जास्त लागलं. पेटीवर काय लिहिलंय ते न वाचता, दुकानदार म्हणाला म्हणून मी तो घेतला होता. तेव्हापासून या विषयावर जे जे कानावर येतं ते तपासून घेतो.

गैरसमज: जीपीएस लावलं की उपग्रह ट्रॅक्टरवर नजर ठेवतो.

उपग्रहाला आपला ट्रॅक्टर दिसत नाही. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फक्त वेळेचा आणि स्वतःच्या जागेचा संदेश सोडत राहतात. किमान चार उपग्रहांचे संदेश ऐकून आपण कुठे आहोत याचा हिशेब ट्रॅकर स्वतः करतो. आपल्या इस्रोचं नाविक असो की अमेरिकेचं जीपीएस, पद्धत हीच. म्हणजे ठिकाण ट्रॅकरला कळतं, आपल्याला नाही. आपल्यापर्यंत ते पोचवायचं काम त्यातलं सिमकार्ड करतं, आणि खरी अडचण तिथेच आहे.

हिंगणघाटला किंवा जामच्या चौकात कोणतंही सिम चालेल. बोरच्या जंगलाकडेला किंवा आष्टी तालुक्याच्या टेकड्यांत एका कंपनीचं नेटवर्क असतं तर दुसरीचं नसतं. म्हणून ट्रॅकर घेण्याआधी ट्रॅक्टर जिथे उभा राहतो त्या गोठ्यात वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन नेऊन पाहावेत. स्वस्त ट्रॅकर पुष्कळदा फक्त टू-जीवर चालतात, आणि जिओकडे टू-जी नाही. ज्या शिवारात जिओचंच नेटवर्क धड मिळतं तिथे टू-जीचा ट्रॅकर म्हणजे मुका राखणदार. फोर-जी घ्या, आणि नेटवर्क नसेल तेव्हा ठिकाणं साठवून ठेवून ते मिळताच पाठवणारा घ्या. चोरलेला ट्रॅक्टर नेणारा ट्रक बोगद्यातून किंवा जंगलातून गेला तरी मग मागचा रस्ता हाती राहतो.

काही विक्रेते एआयएस १४० या ट्रॅकरच्या मानकाचं नाव पुढे करून सांगतात की त्याशिवाय ट्रॅकर बेकायदा आहे. तसं नाही. ते मानक सार्वजनिक प्रवासी वाहनांसाठी आलं आणि १ जानेवारी २०१९ पासून नव्या वाहनांना लागू झालं. शेतीकामाचा ट्रॅक्टर त्या नियमात नाही. मात्र त्या मानकाच्या ट्रॅकरमधलं सिम दोन नेटवर्कांवर चालू शकतं आणि त्यात आतली बॅटरीही असते. हे दोन गुण आपल्या कामाचे आहेत.

सिम कोणाच्या नावावर आहे हेही विचारा. पुष्कळ ट्रॅकरमध्ये तेरा आकडी नंबरचं, यंत्रांसाठीचं सिम आतच बसवलेलं येतं. त्याचं वर्षाचं भाडं विक्रेत्याच्या हातात असतं. वर्ष संपलं आणि दुकानदाराने फोन उचलला नाही तर ट्रॅकर आहे तिथेच गप्प होतो. नूतनीकरणाची रक्कम आणि तारीख बिलावर लिहून घ्या.

गैरसमज: मोबाईलवरून इंजिन बंद करता येतं, मग चोर नेणार कुठे?

हा गैरसमज मला सर्वांत घातक वाटतो, कारण त्याच्यावर विसंबून माणूस साखळी-कुलूप लावायचं सोडतो. दुकानात प्रात्यक्षिक मोटरसायकलवर दाखवतात. पेट्रोलच्या इंजिनला ठिणगी लागते, वीज तोडली की ते बंद पडतं. डिझेलचं तसं नाही. तिथे दाबाने तापलेल्या हवेत डिझेल आपोआप पेट घेतं. एकदा सुरू झालेल्या जुन्या पद्धतीच्या डिझेल इंजिनला चालत राहायला विजेची गरजच नसते. म्हणून तर आपण ट्रॅक्टर चावीने नाही, बंद करायचा दांडा ओढून बंद करतो. तो दांडा पंपातून इंजिनाकडे जाणारं डिझेल अडवतो. पन्नास हॉर्सपॉवरच्या वरच्या ट्रॅक्टरना जानेवारी २०२३ पासून प्रदूषणाचे कडक निकष लागले आणि त्यांच्यात डिझेलचा पुरवठा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने होऊ लागला. आपल्याकडचे बहुतेक ट्रॅक्टर त्याखालचे, त्यामुळे जुन्याच पद्धतीचे.

अशा ट्रॅक्टरला फिटर मोबाईलवरून वीज तोडणारा रिले बसवतो तो स्टार्टरच्या वायरवर. त्याने उभा ट्रॅक्टर सुरू होत नाही, पण चालता ट्रॅक्टर थांबत नाही. शिवाय उभा ट्रॅक्टर ओढून नेता येतो, ट्रकमध्ये चढवता येतो. नागपूर-हैदराबाद महामार्ग आपल्या हिंगणघाटातून जातो. एका रात्रीत ट्रक तेलंगणात असतो. म्हणून रिले चालेल, पण त्याहून मोलाची सूचना म्हणजे चावी बंद असताना ट्रॅक्टर हलल्याची. काही जुन्या मॉडेलांत एकाची चावी दुसऱ्याला लागते हे गावात पोरंही जाणतात. त्यामुळे चाकाची साखळी सोडू नका.

गैरसमज: बॅटरीची वायर तोडली की ट्रॅकर संपला, म्हणून त्याचा उपयोग नाही.

आमचा संपला, कारण त्याला पोटची बॅटरी नव्हती आणि जागा चुकीची होती. आत बॅटरी असलेला ट्रॅकर वायर तुटताच तशी सूचना पाठवतो आणि पुढे काही तास बोलत राहतो. तेवढे तासच महत्त्वाचे.

जागेबद्दल दोन गोष्टी. लोखंडाआड उपग्रहाचा संदेश पोचत नाही, प्लास्टिक आणि फायबरमधून पोचतो. म्हणून मीटरच्या पाटीमागे, प्लास्टिकच्या आवरणाखाली, वरची बाजू आकाशाकडे. सायलेन्सरपासून लांब, कारण वैशाखात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि बंद बोनेटखाली तर विचारू नका. पेटीवर आयपी ६७ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडून टिकतो. गॅरेजमधल्या जोरदार फवाऱ्याची हमी त्यात नाही. धुताना तिथे नळी रोखू नका.

उलटा आक्षेपही ऐकू येतो, की ट्रॅकर ट्रॅक्टरची बॅटरी खातो. यात तथ्य आहे, हिशेब करून पाहू. झोपेत न जाणारा साधा ट्रॅकर २० मिलिअँपिअर घेत असेल तर दिवसाला अर्ध्या अँपिअर-तासाच्या आसपास खर्च होतो, महिन्याला १४-१५. बॅटरी ७५ अँपिअर-तासांची असेल तर महिन्यात पाचवा हिस्सा गेला. उन्हाळ्यात ट्रॅक्टर दोन महिने हलला नाही तर मिरगाच्या तोंडावर तो सुरू न होण्याची भीती असते. उपाय दोन: पंधरा दिवसांनी इंजिन सुरू करून थोडं चालवा, आणि उभा असताना झोपणारा, हलताच जागा होणारा ट्रॅकर घ्या. मात्र जागा झाल्यावर तो किती वेळाने ठिकाण पाठवतो ते विचारा. रस्त्यावर ट्रॅक्टर तासाला पंचवीस-तीस किलोमीटर जातो. तासाने एकदा बोलणारा ट्रॅकर काय कामाचा? हालचाल सुरू झाली की अर्ध्या-एक मिनिटाने ठिकाण आलं पाहिजे.

गैरसमज: किल्लीला लावायची ब्लूटूथची चकती स्वस्त पडते, तीच ट्रॅक्टरला पुरेल.

तिला ना जीपीएस, ना सिम. जवळून जाणाऱ्या दुसऱ्यांच्या फोनवर ती अवलंबून असते. वर्धा स्टेशनवर बॅग हरवली तर सापडेल. रात्री दोन वाजता पांदण रस्त्यावर कोणाचा फोन असणार?

गैरसमज: मोटर, केबल, रोटाव्हेटर, सगळ्यांनाच ट्रॅकर लावावा.

मोटरपंप चोर चालवायला नेत नाही, आतल्या तांब्यासाठी नेतो. केबल तर जागेवरच जाळून तांबं वेगळं करतात. अशा वस्तूचा माग काढण्यात हशील नाही, ती हलण्याआधी कळायला हवं. विहिरीवर मोबाईलने चालणारा स्टार्टर असेल तर वीजपुरवठा तुटल्याची सूचना देणारा आहे का ते पाहा. त्यातही वायर तुटल्याने आणि भारनियमनाने येणारी सूचना सारखीच असेल तर चार दिवसांत माणूस लक्ष देणं सोडतो, म्हणून दोन्हींत फरक करणारा घ्या.

रोटाव्हेटर, कल्टिव्हेटर, पलटी नांगर यांना नंबर नसतो. कंपनीची छोटी पाटी रिबिटांनी ठोकलेली असते, ती छिन्नीच्या दोन घावांत निघते. मग पोलिसांनी वीस अवजारं पकडली तरी त्यातलं माझं कोणतं हे सिद्ध कसं करणार? आमच्या गावात वेल्डरकडून अवजाराच्या चौकटीवर आडनाव आणि गाव वितळवून लिहून घेतात. मी ते दोन ठिकाणी घेतलं, एक दिसेल असं आणि एक खालच्या बाजूला. त्याचा फोटो, बिल आणि पाटीवरचा नंबर घरात. एवढं केलं तर अवजाराला ट्रॅकर नाही लावला तरी चालेल.

गैरसमज: ठिपका दिसला की चार पोरं घेऊन आपणच जाऊन आणू. नाहीतर विमा आहेच.

जाऊ नका. रात्री अनोळखी जागी चोरांसमोर उभं राहण्याइतका ट्रॅक्टर मोलाचा नाही. ११२ लावा आणि ठिकाण पोलिसांना पाठवत राहा. ठिपका यवतमाळ किंवा अमरावती जिल्ह्यात दिसत असला तरी तक्रार जवळच्या ठाण्यात देता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्या हद्दीत घडला यावरून खबर नाकारता येत नाही. खबर इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.

विम्याचं म्हणाल तर कायद्याने सक्तीचा आहे तो फक्त तिसऱ्या पक्षाचा. त्यात आपला ट्रॅक्टर चोरीला गेल्याची भरपाई नसते. कर्ज फिटलं की पुष्कळ जण तेवढाच ठेवतात. पॉलिसी आजच काढून वाचा. सर्वसमावेशक असेल तर चोरी कळताच पोलिसांत आणि विमा कंपनीकडे, दोन्हीकडे कळवा. पंजाबातल्या एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर २०१० मध्ये चोरीला गेला. पोलिसांत त्याच दिवशी नोंद झाली, पण कंपनीला कळवायला ५२ दिवस लागले म्हणून दावा फेटाळला गेला. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेतकऱ्याच्या बाजूने निकाल दिला: पोलिसांत लगेच खबर दिलेली असेल तर निव्वळ कंपनीला उशिरा कळवल्यावरून दावा नाकारता येणार नाही. निकाल लागला, पण त्या माणसाची दहा वर्षं गेली.

एक गोष्ट राहिली. बहुतेक ट्रॅकर मोबाईलवर नुसती सूचना टाकतात. दिवसभर उन्हात राबलेला माणूस रात्री दोनला त्या टिंगने उठत नाही. थेट फोन लावणारा ट्रॅकर घ्या, आणि त्यात एकच नंबर देऊ नका. मी माझा, मुलाचा आणि शेजारच्या वावरातल्या काकांचा दिला आहे. महिन्यातून एकदा, रात्री जेवणं झाल्यावर गोठ्यावर जातो आणि बॅटरीची वायर स्वतःच काढतो. मिनिटभरात खिशातला फोन वाजतो. मग धुऱ्यापलीकडे काकांचा वाजतो, आणि अंधारातून बॅटरीचा झोत आणि आवाज एकदमच येतो, ‘‘तूच हायेस ना गा?’’