पंधरा ऑक्टोबरचं आभाळ

१७८३ च्या ऑक्टोबरात शनिवारवाड्यात सवाई माधवराव पेशवे नऊ वर्षांचे होते आणि राज्याचा गाडा नाना फडणवीस हाकत होते. तेव्हाच्या पुणेकराला उंचावरून गाव पाहायचं तर पर्वती चढावी लागे. त्याच महिन्याच्या १५ तारखेला पॅरिसमध्ये पिलात्र द रोझिए हा २९ वर्षांचा तरुण एका कागद-कापडाच्या अवाढव्य फुग्याखाली उभा राहिला. खाली जाळ पेटवला, आतली हवा तापून हलकी झाली आणि माणूस जमिनीवरून सुटला. सुटला म्हणजे दोराच्या लांबीइतकाच! फुगा दोरांनी बांधलेला होता. उंची सुमारे २६ मीटर, वेळ चारेक मिनिटं.

बरोबर २२० वर्षांनी, १५ ऑक्टोबर २००३ ला, चीनचा यांग लिवेई ‘शेनझोऊ ५’ यानातून निघाला. ३४० किलोमीटरच्याही वर जाऊन त्याने पृथ्वीला १४ प्रदक्षिणा घातल्या. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या की मी दर वेळी थक्क होतो.

वर्षाचे दिवस ३६५ आणि उड्डाणांच्या नोंदी हजारो, तेव्हा तारखा जुळणारच. तरी या तारखेचा हट्ट पाहा. १९१० मध्ये याच दिवशी वॉल्टर वेलमन ‘अमेरिका’ नावाचं हवाई जहाज घेऊन अटलांटिक ओलांडायला निघाला. सोबत पाच साथीदार आणि एक मांजर. तीन दिवसांनी एका बोटीने सगळ्यांना वाचवलं, मांजरासकट. १९२८ मध्ये पुन्हा १५ ऑक्टोबरलाच ‘ग्राफ झेपेलिन’ हे हवाई जहाज तोच महासागर ओलांडून, जर्मनीहून प्रवासी घेऊन, अमेरिकेत उतरलं.

पण माझं मन रेंगाळतं ते १९३२ पाशी. १५ ऑक्टोबरच्या सकाळी साडेसहाच्या सुमारास कराचीहून एक ‘पस मॉथ’ विमान उडालं. एकच इंजिन, कापडाने मढवलेले पंख, आत २८ वर्षांचे जे. आर. डी. टाटा आणि सुमारे २५ किलो टपाल. लंडनहून कराचीपर्यंत टपाल इंपीरियल एअरवेज आणत असे, तिथून पुढे ते टाटांनी न्यायचं होतं. रेडिओ नाही, जमिनीवरून वाट दाखवणारं कुणी नाही. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले. दुपारी दोनच्या आत विमान जुहूला टेकलं आणि तिथून टाटांचे सहकारी वैमानिक नेव्हिल विंटसेंट टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. भारतातल्या नियमित विमानसेवेची ही सुरुवात.

या तारखेमागे मला योगायोगापेक्षा आपला पावसाळा दिसतो. जुहूचं विमानतळ म्हणजे समुद्राकाठचं चिखलाचं मैदान. पावसाळी भरतीत ते पाण्याखाली जाई. महाराष्ट्रातून पाऊस परततो तो ऑक्टोबरात; जुहूवर चाकं टेकवायची तर त्या सुमारालाच. मग पावसाळ्यात सेवा बंद ठेवायची का? टाटांनी तसं केलं नाही. दोन विमानं, तीन वैमानिक आणि तीन मेकॅनिक असा सगळा बाडबिस्तरा पुण्याला हलायचा आणि येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानावरून टपाल उडायचं. शनिवार पेठेपासून सायकलवर अर्ध्या तासाची ही जागा. देशाची पहिली विमानसेवा पावसाळ्यात पुण्याच्या आसऱ्याला होती, ही गोष्ट पुण्याच्या प्रत्येक शाळेत सांगितली जावी असं मला मनापासून वाटतं.

शाळांना त्यासाठी दिवसही शोधायला नको. २०१५ पासून महाराष्ट्रात १५ ऑक्टोबर हा ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा होतो, कारण तो डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस. कलाम १९३१ चे. म्हणजे टाटांचं विमान कराचीहून निघालं त्या दिवशी रामेश्वरमला हे बाळ एक वर्षाचं झालं होतं! त्याच मुलाने पुढे मद्रासमध्ये, जिथे ते पहिलं टपाल पोहोचलं होतं त्याच शहरात, विमानविद्येचं शिक्षण घेतलं. त्यांचं ‘अग्निपंख’ हे आत्मचरित्र अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत आजही मुलं मागतात.

१९८२ चा १५ ऑक्टोबर तर जाणूनबुजून निवडलेला. विमानसेवेला ५० वर्षं झाली म्हणून ७८ वर्षांचे जे. आर. डी. पुन्हा कराचीहून, जुन्या ‘लेपर्ड मॉथ’मध्ये एकटे बसून, मुंबईला आले. त्यांची कंपनी, म्हणजे एअर इंडिया, १९५३ मध्येच सरकारची झाली होती आणि १९७८ मध्ये तिचं अध्यक्षपदही त्यांच्याकडून काढून घेतलं गेलं होतं. तरी ते उडाले. देशातल्या तरुणांमध्ये थोडी उमेद आणि उत्साह जागवावा, एवढाच या उड्डाणाचा हेतू असल्याचं त्यांनी जुहूला उतरल्यावर सांगितलं.