चौकटीतली सचोटी

अडलेला शब्द अखेर सुटतो तेव्हा सोडवणाऱ्याच्या तोंडून बहुधा ‘हात्तिच्या!’ निघतं. शब्दकोड्याचं सगळं सुख त्या एका उद्गारात आहे. उत्तर आपल्याच डोक्यात होतं, हाताला तेवढं लागत नव्हतं. मात्र हे सुख मिळायचं तर कोडं रचणाऱ्यानं सचोटीनं वागायला हवं. शोधसूत्रानं खुशाल चकवावं, पण उत्तर सापडल्यावर ते दुसरं काही असूच शकत नव्हतं असं वाटलं पाहिजे.

ही सचोटी काही पहिल्या दिवसापासून नव्हती. मूळचे लिव्हरपूलचे पत्रकार आर्थर विन यांनी 21 डिसेंबर 1913 रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’च्या रविवारच्या पुरवणीत शंकरपाळ्याच्या आकाराचं एक कोडं छापलं. त्याचं नाव होतं ‘वर्ड-क्रॉस’. काही आठवड्यांतच शब्दांची अदलाबदल होऊन ‘क्रॉसवर्ड’ रूढ झालं. वाचक त्यावर तुटून पडले, पण कोड्यांत चुका भरपूर असत. ही कोडी पाहण्याचं काम मार्गारेट पेथरब्रिज या तरुणीकडे आलं. सुरुवातीला ती स्वतः कोडी सोडवत नसे. एकदा सोडवायला बसल्यावर तिला गोंधळ कळला आणि तिथून पुढे प्रत्येक कोडं आधी तपासून मगच छापायला जाऊ लागलं. 1924 साली सायमन आणि शूस्टर या नवख्या प्रकाशकांनी पेन्सिल जोडून शब्दकोड्यांचं पहिलं पुस्तक काढलं. त्याच्या तिघा संपादकांपैकी मार्गारेट एक होती. असल्या पुस्तकावर स्वतःचं नाव घालायला मात्र प्रकाशक कचरले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं त्या वर्षी या वेडाला नावं ठेवली होती. त्याच वृत्तपत्रानं ऐन महायुद्धात, 15 फेब्रुवारी 1942 रोजी स्वतःचं शब्दकोडं सुरू केलं आणि संपादक म्हणून तिलाच बोलावलं. आता तिचं नाव मार्गारेट फरार झालं होतं.

सचोटी सुटली की काय होतं, हे आपल्याकडे मुंबई राज्यानं पाहिलं. बक्षिसी शब्दकोड्यांचा तेव्हा मोठा जोर होता. बंगळूरहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या साप्ताहिकातली ‘आर.एम.डी.सी. क्रॉसवर्ड्स’ मुंबई राज्यात चांगली खपत. फी भरायची, उत्तरं पाठवायची. पण एकाच जागी दोन शब्द सारखेच चपखल बसत, आणि जिंकायचं तर आयोजकांनी आधीच मोहोरबंद करून ठेवलेल्या उत्तराशी आपलं उत्तर जुळावं लागे. मुंबई राज्यानं 1952 साली कायदा दुरुस्त करून बाहेर छापल्या जाणाऱ्या पत्रांतल्या स्पर्धांनाही कर लावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 1957 साली न्यायालयानं निकाल दिला, की हा जुगार आहे आणि व्यापाराच्या स्वातंत्र्याचं संरक्षण त्याला मिळणार नाही. बक्षिसी स्पर्धांवरच्या 1955 च्या केंद्रीय कायद्याचा अर्थ लावताना न्यायालयानं त्याच वर्षी असंही सांगितलं, की जिथे यश मुख्यतः कौशल्यावर ठरतं त्या स्पर्धा या कायद्यात येत नाहीत. कोडं कुठे संपतं आणि सोडत कुठे सुरू होते, याची इतकी स्वच्छ रेघ क्वचितच कुणी ओढली असेल.

मराठीत रचणाऱ्याची कसोटी आणखी कडक असते. इंग्रजीत एका चौकोनात सुटं अक्षर बसतं. देवनागरीत व्यंजन, त्याची मात्रा, प्रसंगी अख्खं जोडाक्षर बसतं. आडव्या ओळीत ‘पुस्तक’ घातलं, की मधल्या चौकोनात ‘स्त’ येतो. त्यातून उभा शब्द न्यायचा, तर ‘मस्तक’ चालेल, ‘समस्त’ही चालेल. ‘रस्ता’ चालणार नाही, कारण तिथे ‘स्ता’ आहे, ‘वस्तू’ही नाही. ‘कविता’मधल्या ‘वि’वरून ‘विहीर’ खाली उतरते, ‘वीज’ उतरत नाही. रचणाऱ्याची अशी पावलोपावली कोंडी होते. सोडवणाऱ्याला मात्र भरलेला प्रत्येक चौकोन व्यंजनाबरोबर स्वरही सांगून जातो. शिवाय ऱ्हस्व-दीर्घ चुकला तर आडवं-उभं जुळतच नाही, त्यामुळे शुद्धलेखनाचा सराव आपोआप होतो.

‘हात्तिच्या’च्या त्या क्षणाचा माग शास्त्रज्ञांनीही काढला आहे. मार्क बीमन आणि जॉन कूनियोस यांनी 2004 साली लोकांना तीन-तीन शब्द देऊन तिन्हींशी जुळणारा चौथा शोधायला लावला. उत्तर एकदम सुचलं, असं ज्या वेळी लोकांनी सांगितलं, त्या वेळी बटण दाबण्याच्या सुमारे 0.3 सेकंद आधी उजव्या कानाच्या वरच्या भागात मेंदूच्या विद्युतलहरी एकाएकी उसळलेल्या दिसल्या.

‘कोडी सोडवा, विस्मरण टाळा’ या दाव्याला मात्र एवढा भक्कम आधार नाही. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या ज्येष्ठांच्या दीर्घ पाहणीत 101 जणांना पुढे स्मृतिभ्रंश झाला. त्यांच्यातल्या शब्दकोडी सोडवणाऱ्यांची स्मृती झपाट्यानं घसरायला इतरांपेक्षा अडीच वर्षं उशिरा लागली, असं 2011 साली प्रसिद्ध झालं. पण घसरण सुरू झाल्यावर ती जास्त वेगानं झाली. स्कॉटलंडमध्ये 1936 साली जन्मलेल्या 498 जणांच्या अभ्यासाचा 2018 चा निष्कर्ष असा, की बौद्धिक खटाटोपाची आवड घसरणीचा वेग कमी करत नाही. मात्र असा माणूस मुळात वरच्या पायरीवरून उतरायला लागतो. वरची पायरी ही म्हातारपणी लहान गोष्ट नाही.

अधिक आशा वाटावी असा प्रयोग 2022 साली कोलंबिया आणि ड्यूक विद्यापीठांनी प्रसिद्ध केला. स्मृती किंचित मंदावलेल्या 107 जणांपैकी काहींना शब्दकोडी दिली, तर काहींना मेंदूच्या व्यायामासाठी बनवलेले संगणकीय खेळ. 78 आठवड्यांनंतर शब्दकोडीवाल्यांचे गुण किंचित सुधारले होते, खेळवाल्यांचे किंचित उतरले होते. काहीच न करणारा गट तुलनेला नव्हता, म्हणून निष्कर्ष जपूनच काढायला हवा. तरी दीड वर्ष नेमानं करायची गोष्ट गोडीशिवाय होत नाही, आणि ती गोडी रचणाऱ्याच्या हातात असते.

विल शॉर्ट्झ 1993 साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या कोड्यांचे संपादक झाले, तेव्हापासून तिथे रोजच्या कोड्यावर रचणाऱ्याचं नाव छापलं जाऊ लागलं. ‘स्त’ आणि ‘स्ता’शी झगडून चौकट जुळवणाऱ्या मराठी रचनाकारांचं नावही, जिथे छापलं जात नाही तिथे, छापलं गेलं पाहिजे.