पायाचे खांब आणि घणाची निवड

इमारतीचा किंवा पुलाचा भार घट्ट जमिनीवर टेकला पाहिजे, हे आपण सारेच जाणतो. पण खाडीकाठी किंवा बंदरात वरचे दहा-पंधरा मीटर नुसता चिखलच असला तर? अशा वेळी काँक्रीटचे किंवा पोलादाचे लांब खांब खालच्या घट्ट थरापर्यंत ठोकत नेतात. यांनाच पाइल म्हणतात. ते ठोकायला घण कोणता घ्यावा, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

एक टनाचा घण चार मीटरवरून पडला काय आणि चार टनांचा एक मीटरवरून पडला काय, दोन्हींची ऊर्जा सारखीच. मग फरक कुठे पडतो? वेगात. हलका घण दुप्पट वेगाने आदळतो. त्यामुळे खांबाचा माथा फुटतो आणि खांब मात्र फारसा खाली जात नाही. म्हणून घण जड हवा आणि तो पडण्याची उंची बेताची हवी.

जेम्स नॅस्मिथ या ब्रिटिश अभियंत्याने १८४५ मध्ये डेव्हनपोर्टच्या गोदीत हे दाखवून दिले. त्याच्या आत्मचरित्रानुसार त्याच्या वाफेच्या जड घणाने साडेचार मिनिटांत खांब ठोकला. जुन्या पद्धतीला त्याच कामासाठी बारा तास लागले.

आज डिझेलवर आणि हायड्रॉलिक दाबावर चालणारे घण आहेत. डिझेलच्या घणाला खालून जमिनीचा विरोध मिळावा लागतो. फार मऊ चिखलात तो नीट चालत नाही. वाळूत पोलादी खांब उतरवायला थरथरवणारे यंत्र सोयीचे असते, पण घट्ट चिकणमातीत त्याचा उपयोग कमी. काँक्रीटच्या खांबाच्या माथ्यावर लाकडाची गादी ठेवतात, म्हणजे ठोक्याचा धक्का सौम्य होतो. शेजारी जुनी घरे असतील, तर हादरे टाळण्यासाठी खांब न ठोकता जमिनीत भोक पाडून त्यात काँक्रीट ओततात.

काम कधी थांबवायचे? शेवटच्या दहा ठोक्यांत खांब किती मिलिमीटर उतरला, ते मोजून त्याची नोंद ठेवतात. खांब अचानक सहज खाली जाऊ लागला, तर तो आत मोडला असण्याचीही शक्यता असते. भिंतीचा तडा डोळ्यांना दिसतो, जमिनीखालचा दिसत नाही. म्हणून ठोक्यांची ही वही काळजीपूर्वक लिहिली पाहिजे आणि वाचलीही पाहिजे.