गाळ्यातलं वेल्डिंग टेबल

लालबाग-परळच्या फॅब्रिकेशन गाळ्यांत जागा कमी, म्हणून खिडकीच्या जाळीपासून गणपतीच्या ट्रॉलीच्या सुट्या भागांपर्यंत बरंचसं काम एकाच टेबलावर उरकावं लागतं. ते डुगडुगलं की चौकट तिरकी जुळते आणि मग ग्राइंडर कितीही फिरवला तरी सरळ होत नाही.

वरचा पत्रा 10 ते 12 मिलिमीटरचा हवा. मीटरभर लांब, पाऊण मीटर रुंद आणि 12 मिलिमीटर जाड प्लेट सत्तर किलोच्या आसपास भरते. हे वजनच टेबल जागचं हलू देत नाही. रे रोडच्या दारूखान्यात भंगारातली प्लेट स्वस्त पडते. पण पट्टी लावून सपाटी पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत. जस्त चढवलेली प्लेट मात्र नकोच, तापल्यावर तिचा धूर छातीला बाधतो.

सांगाडा अँगलचा किंवा चौकोनी पाइपचा. आधी सगळीकडे टाके मारावेत, दोन्ही कर्ण मोजावेत, सारखे आले तरच पुढे जावं. एका बाजूनं सलग वेल्ड ओढली की थंड होताना लोखंड आकसतं आणि सांगाडा पिळतो. म्हणून समोरासमोरच्या कोपऱ्यांत थोडी थोडी वेल्ड करावी. प्लेट बोल्टानं बसवलेली बरी.

जुन्या चाळींच्या तळमजल्यावर फरशी क्वचितच सपाट असते. पायांखाली नट जोडून एम16 बोल्ट घातला, की एका फेऱ्याला 2 मिलिमीटर उंची बदलते. उभ्यानं काम करायचं तर कोपराच्या किंचित खाली टेबल असावं. अर्थिंगचा क्लॅम्प प्लेटच्या घासून चकचकीत केलेल्या कोपऱ्यालाच लावावा.